धाकटी सून बसमध्ये चढते

खालापूर तालुक्यातल्या एका गावात महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारी दोन वाजता, मी सिनेमा वाचते. दाखवते असं म्हणता येणार नाही, कारण दाखवायचं काम प्रोजेक्टर करतो. माझं काम वाचण्याचं.

गावच्या समाजमंदिराची एक भिंत पांढरी आहे. तिच्यासमोर सतरंज्या घालतात आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी कडेला पाच-सहा खुर्च्या मांडतात. सिनेमा परदेशी असला की खाली इंग्रजी अक्षरं धावतात. ती बहुतेक बायकांना वाचता येत नाहीत आणि ज्या मुलींना येतात त्यांना त्या वेगानं जमत नाही. म्हणून मी आधी घरी, कर्जतला भिसेगावात, सिनेमा थांबवत थांबवत बघते, प्रत्येक वाक्य मराठीत करून लांब वहीत उतरवते आणि समासात मिनिट-सेकंद लिहिते. शनिवारी एसटीनं गावात जाते, भिंतीला टेकून बसते आणि माईकवर वाचते. बाप्याचं वाक्य, बाईचं वाक्य, पोराचं वाक्य, सगळी एकाच आवाजात. वीस वर्षं वृत्तपत्रात उपसंपादक म्हणून काढल्यावर वाक्य नीट पोचलं की काम झालं, अशी सवय लागते. बायकांचं मत वेगळं आहे.

"ताई वाचाया लागली की वाटतं कुनीतरी वारलंय आनि ही खबर देतेय," असं बचत गटाच्या अध्यक्षीणबाई पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या.

कोरियन सिनेमाची मागणी गावातल्या दोन बहिणींनी केली. दोघी कॉलेजात जातात आणि फोनवर कोरियन मालिका बघतात. त्यांना गोरा, उंच, श्रीमंत मुलगा आणि पावसात छत्री धरण्याचा प्रसंग हवा होता. मी निवडला तो घरगुती सिनेमा होता. डोंगराच्या पायथ्याचं खेडं, एक विधवा म्हातारी, तिचे दोन मुलगे. थोरला बायकोसह शहरात राहतो. धाकटा आईजवळ शेती करतो, आणि गावात मुलगी मिळाली नाही म्हणून त्यानं व्हिएतनामची बायको केली आहे. त्यांना सहा वर्षांची मुलगी आहे. सगळा सिनेमा वडिलांच्या श्राद्धाच्या चार दिवसांत घडतो.

सिनेमा निवडताना माझ्या मनात प्रेक्षकांतली कुणी विशिष्ट बाई नव्हती, असं लिहिलं तर ते खोटं होईल. एक होती.

ती ओडिशाची. पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन या गावात आली. तिचा नवरा खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याला इकडे मुलगी मिळेना, कारण मुलींना कायम नोकरीचा आणि शहरात खोली असलेला मुलगा हवा होता. त्याच्या पाळीत काम करणाऱ्या एका ओडिया माणसानं आपल्या नात्यातली मुलगी सुचवली. दोन्हीकडच्यांनी विचारपूस केली, लग्न रीतसर झालं. पुढे तो मध्यस्थ दुसऱ्या राज्यात कामाला निघून गेला आणि तिच्या बाजूचं असं इथं कुणी उरलं नाही. ती गावची बोली सफाईनं बोलते. हाय, नाय, आमी, तुमी. भातलावणीत तिचा हात गावात कुणाहून मागे नाही. चार वर्षांची मुलगी आहे.

या पाच वर्षांत ती एकदाही माहेरी गेली नव्हती. तिच्या आईला डोळ्यांनी दिसेनासं होत चाललं होतं. एका डोळ्याचं गेलंच होतं, दुसऱ्यानं माणूस जवळ आला की चेहरा कळत होता. नात तिनं अजून पाहिली नव्हती. हे मला तिनं एका शनिवारी सतरंज्या घडी करताना सांगितलं. "फोनवर दावते मी पोरीला. ती बोलते, हां हां, दिसली. मला म्हाईत हाय, तिला काय दिसत नाय."

सासू दुष्ट असती तर हकिगत सोपी होती. सासू म्हणत होती, "न्यायला येऊ दे कुनी, लगेच पाठवते." सासुरवाशिणीला न्यायला माहेरहून माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. या भागात ही रीत आता पुष्कळ सैल झाली आहे. पेणची, मुरबाडची माहेरवाशीण एसटीत बसून जाते-येते. पण गाव दोन दिवसांच्या रेल्वेवर असलं आणि भाषा वेगळी असली की सैल झालेल्या रिती पुन्हा आवळल्या जातात. तिचा भाऊ गुजरातेत मागावर कामाला होता. तो आपल्या आईलाच वर्षातून एकदा भेटायचा, तो हिला न्यायला कुठून येणार? आणि सासूची दुसरी अट होती. "पोरगी इकडं ठेवून जा."

या अटीचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या गावात अशीच लांबून आणलेली सून दोन वर्षांनी माहेरी गेली आणि आली नाही. त्या घरात काय घडलं होतं हे कुणी सांगत नव्हतं. 'गेली ती गेली' एवढंच चार गावांत फिरत होतं. त्यामुळे अडलं होतं ते इथं. सून मुलीला घेतल्याशिवाय जाणार नव्हती, कारण आईला नात दाखवायची हेच तिचं जाणं होतं. सासू नातीला सोडणार नव्हती, कारण नात घरात असणं हीच सून परत येण्याची हमी होती. आईचा डोळा कुणासाठी थांबणार नव्हता.

मी हे सगळं ऐकून घेतलं होतं आणि काही केलं नव्हतं. नंतर हा सिनेमा समोर आला, तेव्हा तो निवडला.

वही तयार करताना पहिली अडचण सिनेमातल्या धाकट्या सुनेच्या भाषेची आली. सिनेमात ती कोरियन मोडकं बोलते. इंग्रजी अक्षरांतही ते मोडकं उतरवलेलं होतं. मी आधी तसंच मोडकं मराठी लिहिलं, आणि वाचून पाहिलं तेव्हा ते विनोदी झालं. समाजमंदिरात ते माईकवर वाचलं तर पहिल्या वाक्याला हशा येणार, आणि हशा कुणाकडे बघून येणार हे मला कळत होतं. मी ती पानं फाडून तिची वाक्यं सरळ लिहिली. थोरलीसारखीच.

या बाबतीत माझं मत जुनं आहे. मी वृत्तपत्रात होते तेव्हा जयंतीची पुरवणी दर वर्षी माझ्याच टेबलावर येत असे, कारण तिथं बौद्ध घरातली मी एकटी होते. अर्थसंकल्पाचं पान मला कधी मिळालं नाही. कुणी मुद्दाम करत नव्हतं. पुरवणी आली की आपोआप माझ्याकडे बोट जायचं. तेव्हापासून सिनेमा असो की वृत्तपत्र, माणसाला आत घेतलंय का हे मी बघत नाही. आत घेऊन त्याला काम कुठलं दिलंय, ते बघते. या सिनेमात धाकट्या सुनेला पहिली चाळीस मिनिटं सोलणं, धुणं, वाळत घालणं, ताट मांडणं एवढंच काम आहे. तोवर ती दोन-दोन तुटक शब्दच बोलते, चाळीस मिनिटांनी पहिलं पूर्ण वाक्य. दिग्दर्शकानं हे जाणून केलंय की त्यालाही सुचलं नाही, हे मला तीनदा पाहून ठरवता आलं नाही.

शनिवारी समाजमंदिर भरलं होतं. कोरियन म्हटल्यावर नेहमी न येणाऱ्या मुलीही आल्या होत्या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांची निराशा झाली.

"ताई, हिरो कुठाय?" कॉलेजातल्या धाकट्या बहिणीनं विचारलं.

"तो काय, खत टाकतोय."

"हा? ह्याच्यापेक्षा आमचा दादा बरा."

म्हाताऱ्या मात्र पुढे सरकून बसल्या. कोरियात चिखल असतो, बायका उकिडव्या बसून निवडतात, पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्या असतात, याची त्यांना कल्पना नव्हती. नाती फोनवर दाखवतात ते कोरियन सगळे काचेच्या घरात राहतात. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बघा गं, चिखलात उतरली का समदी सारकीच."

आणि इथं एक चूक झाली. तिचा मला आधी अंदाज यायला हवा होता. कुणालाही धाकटी सून परकी आहे हे कळलं नाही. कोरियन प्रेक्षकाला तिचा चेहरा आणि तिची बोली पहिल्या क्षणी सांगतात की ही बाहेरची. आमच्या भिंतीवर सगळे चेहरे सारखेच परके होते, आणि तिची बोली मी सरळ करून टाकली होती. बायकांनी आपल्या हिशेबानं नाती लावली. थोरलीची नखं रंगवलेली, तिला श्राद्धाचं ताट मांडता येत नाही, म्हणजे ही बाहेरची. धाकटीला सगळं येतं. मासा पूर्वेला, मटण पश्चिमेला, तांबडी फळं एका बाजूला, पांढरी दुसऱ्या. ती मांडत गेली तसा समाजमंदिरातून एकेकीचा आवाज येत गेला.

"आपल्या पित्राच्या पानासारकंच हाय गं."

"ही घरचीच लेक दिसते. सून कुठली येवडं करते?"

"तुजी करते का?"

"माजी? माजी फोनवर बगून करते."

ओडिशाच्या सुनेची सासू कडेच्या खुर्चीवर होती. तिची सून तिच्या पायाशी, मुलीला मांडीवर घेऊन. सासूलाही पडद्यावरची धाकटी आवडली होती. "हात बग कसा चालतोय तिचा," ती सुनेला म्हणाली.

त्यानंतर घराच्या अंगणात सगळ्यांचा फोटो काढायचा प्रसंग आहे. थोरला फोन धाकटीच्या हातात देतो. ती फोटो काढते. सगळे हसतात, पांगतात. मी काही वाचलं नाही, कारण वाचायला काही नव्हतं. मागून एकीनं विचारलं, "आन् हिचा फोटो कोन काढनार?"

चाळिसाव्या मिनिटाच्या थोडं पुढे ती गोठ्याच्या मागे जाऊन फोन लावते. ती व्हिएतनामी भाषेत बोलते. सिनेमाच्या खाली त्या दोन मिनिटांसाठी एकही अक्षर नाही. माझ्या वहीतही त्या जागी फक्त वेळ लिहिलेली होती. मी माईक खाली धरला.

"ताई, वाच की," कुणीतरी म्हणालं.

"खाली लिहिलेलं नाही."

"मंजे? ती बोलतेय तर."

"ती तिच्या भाषेत बोलतेय. ती या देशातली नाही. लग्न करून दुसऱ्या देशातून आलीय. सिनेमावाल्यांनी तिचं बोलणं लिहून दिलेलं नाही, म्हणून मला कळलेलं नाही."

समाजमंदिरात जी कुजबुज झाली ती आधीच्या कुजबुजीसारखी नव्हती. ज्या बाईला त्यांनी घरची लेक ठरवलं होतं, ती घरातली सगळ्यांत बाहेरची निघाली होती. दोघी-तिघींनी मान वळवून सासूच्या पायाशी बसलेल्या सुनेकडे पाहिलं. पडद्यावर धाकटी फोनमध्ये बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती.

"आई इचारते, जेवलीस का," ओडिशाची सून म्हणाली. ती पडद्याकडेच बघत होती. "ही बोलते, जेवले. आई बोलते, काय जेवलीस? ही बोलते, भात." मग म्हणाली, "आता आई रडते. ही बोलते, रडू नको गं, रेंज जाते."

बायका हसल्या. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "तुला येती काय गं ती भाषा?"

"नाय. येवड्याला काय भाषा लागते?"

मी त्या दोन मिनिटांत वही बंद ठेवली. ती जे बोलत होती ते बरोबर होतं की नाही, हे तपासायचं साधन माझ्याकडे नव्हतं, आणि त्या दिवशी ते मला लागलं नाही.

शेवट असा आहे. श्राद्ध झाल्यावर नवरा धाकटीच्या हातात विमानाची दोन तिकिटं ठेवतो, तिचं आणि मुलीचं. सकाळी ती बॅग ओढत मुलीला घेऊन रस्त्यावर येते. सासू मागून चालत येते, हातात खाण्याची पिशवी देते आणि म्हणते, "वाटेत खा." बस येते. मायलेकी चढतात. बस वळणावर दिसेनाशी होते. म्हातारी उभी असते. संपतो.

कोरियात हा गोड शेवट असावा. समाजमंदिरात दिवे लागले तेव्हा बायका संतापल्या होत्या.

"हाकललं तिला!"

"हाकललं कुठं? तिकीट दिलं नवऱ्यानं."

"न्यायला कुनी आलं का? नाय. ओटी भरली का? नाय. नवरा संगती गेला का? नाय. पोरगी पन देऊन टाकली. मंग हाकलनं येगळं काय आसतं?"

कॉलेजातली थोरली बहीण उभी राहिली. "काकू, त्यांच्यात ओटी नसते. ती आईला भेटायला चाललीय."

"येकटी? परमुलखात?"

"ती तिथलीच आहे ना काकू! परमुलूख तर हा आहे तिचा."

मग सासूनं खुर्चीतूनच मला विचारलं, "ताई, ती परत येती का?"

प्रश्न कुणाबद्दल होता हे त्या खोलीत सर्वांना कळत होतं. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी 'हो, येते' म्हणाले असते तर तिचा रस्ता कदाचित तिथंच मोकळा झाला असता. सिनेमा दुसऱ्या कुणी पाहिलेला नव्हता. खरंखोटं करायला कुणी येणार नव्हतं.

"सिनेमात दाखवलेलं नाही," मी म्हणाले.

"तुला म्हाईत आसंल. तू दोनदा पाह्यलायस."

"तीनदा. तिन्ही वेळा बस जाते तिथंच संपतो."

कुणीतरी हसलं. सासू हसली नाही. "मंग सांगता येत नाय," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

"तुमी समद्या इचारताय, ती परत येती का," सून म्हणाली. ती अजून खालीच बसली होती, मुलगी मांडीवर झोपली होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. "आईला भेटली का, ते कुनीच इचारलं नाय."

बायका सतरंज्या उचलायला लागल्या. सासू अर्धवट उठली होती, ती पुन्हा खुर्चीत बसली. मी प्रोजेक्टर पिशवीत घातला. माझ्या एसटीची वेळ झाली होती. थांब्यावर उभी असताना मी माझ्या उत्तराचा पुन्हा विचार केला आणि ते बदलावंसं वाटलं नाही. खोट्या हमीवर सून गेली असती, तर पुढच्या वेळी तिला पुन्हा अशीच कुठली तरी हमी लागली असती. पण ही समजूत मला परवडत होती. डोळा माझ्या आईचा जात नव्हता.

आठ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, सासू भिसेगावात माझ्या दारात उभी. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. ती याआधी कधी माझ्या घरी आलेली नव्हती. पत्ता विचारत विचारत स्टेशनापासून चालत आली होती.

"सिनेमा हाय का तुज्याकडं?"

"आहे."

"समदा नको. शेवटचा दाव."

मी लॅपटॉप लावला. तिनं चष्मा पदराला पुसून घातला. बसचा प्रसंग तीन मिनिटांचा आहे. तो संपला, तेव्हा म्हणाली, "परत." दुसऱ्यांदा ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. धाकटीकडे तिचं लक्ष नव्हतं, ती म्हातारीला बघत होती. बस येते तेव्हा म्हातारी एक पाऊल पुढे टाकते आणि थांबते. तीनदा पाहूनही, वहीत प्रत्येक सेकंद लिहूनही, ते पाऊल माझ्या नजरेतून सुटलं होतं.

"ही का नाय चढली?" तिनं विचारलं.

"कारण दिलेलं नाही."

"शेत व्हतं का मागं?"

"शेत होतं. पण धाकटा मुलगा होता शेतावर."

"मंग काय झालं होतं चढाया? पाय तर धड दिसतात." तिनं लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं. "मी चढले आस्ते."

मी चहा ठेवला. चहा पिताना तिनं मला विचारलं की ओडिशाला जाणारी गाडी कुठून सुटते, तिकीट किती आधी काढावं लागतं आणि साठीच्या बाईला खालची जागा मिळते का. मी म्हणाले, मिळते. मग तिनं खरा प्रश्न विचारला. "मुराळी माहेराकडचाच लागतो. सासूनं नेलेलं कुठं ऐकलंय का गं तू?"

"नाही ऐकलं."

"लोक हसतील."

"हसतील."

"हसू दे," ती म्हणाली. "पोरगी माज्या नजरेसमोर राहील. सुनेला आई भेटंल. कुनी न्यायला आलं नाय आसं पन व्हनार नाय. येका फेरीत तीन कामं." हे तिनं इतक्या व्यवहारी आवाजात सांगितलं की आठ दिवस तिनं घरात याचाच विचार केला असणार हे उघड होतं.

विरोध मुलाकडून झाला. तो रजा काढू शकत नव्हता आणि आईनं जाऊ नये असं त्याला वाटत होतं. गटाच्या पुढच्या बैठकीत अध्यक्षीणबाईंनी त्या मायलेकांचं भांडण आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. त्यांची भिंत लागून आहे.

तो म्हणाला, "आई, तुला तिकडची भाषा येत नाय."

ती म्हणाली, "तुला येती? पाच वर्सं झाली लग्नाला. येक सबूद येत आसंल तर बोलून दाव."

त्याला एक शब्द आला. पाणी. सासू म्हणाली, "बायकोकडं पानी मागन्यापुरता शिकला," आणि विषय संपला.

कल्याणहून जाणाऱ्या गाडीची तीन तिकिटं मी काढली. ज्या सकाळी त्या निघाल्या त्या सकाळी मी गावात होते, कारण तिकिटं छापून मागितली होती. फोनवरच्या तिकिटावर सासूचा विश्वास नव्हता. सुनेनं रात्रभर बसून तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि वालाची डाळ बांधली होती. तिच्या आईसाठी एक लुगडं घेतलं होतं. ते सुती आणि गडद लाल होतं. निवडताना सासू म्हणाली होती, रंग असा घे की कमी दिसणाऱ्या माणसालाही दिसेल.

ओटी भरायची वेळ आली तेव्हा थोडा खोळंबा झाला. सासू विधवा. रीतीनं शेजारच्या सवाष्णीनं भरायची. सासूनं तांदूळ, नारळ आणि खण स्वतः हातात घेतले आणि सुनेच्या पदरात घातले. नावं ठेवणाऱ्या दोघी-चौघी अंगणात उभ्या होत्या. त्यांनी बांधलेल्या पिशव्या टेंपोत चढवल्या. चार वर्षांची मुलगी नारळासाठी रडायला लागली, म्हणून तिलाही एक दिला. तो तिनं खोपोलीपर्यंत मांडीवर घेऊन नेला, असं नंतर कळलं. टेंपो निघाला तेव्हा तिघी पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि सासू त्याला सांगत होती की घाई नको, पण उशीरही नको.

पाचव्या दिवशी दुपारी मला सुनेच्या फोनवरून फोन आला. बोलत होती सासू.

"परवाच पोचलो गं. भात लई चांगला हाय यांच्याकडं. डाळ पातळ."

मी विचारलं, "आई भेटली का?"

"भेटली मंजे काय! पोरीला धरून बसलीय. तोंडावरनं हात फिरवते सारका. पोरगी वैतागली, आता जवळ जात नाय, मंग हिची आई तिला पेढा दावते." मागे बायकांचे आवाज येत होते, त्यात सुनेचा होता. इकडे मी तिचा तो आवाज कधी ऐकलेला नव्हता. भरभर, मोठ्यानं, मधूनच हसून. "माजं इकडं कुनाला काय कळत नाय," सासू सांगत होती. "मी बोलते, मंग ही त्यांना सांगते मी काय बोलले ते. खरं सांगते का खोटं, देव जाने. मी डाळ पातळ बोलले तर समदे खूस झाले."

"मग बरोबर सांगत नाही ती."

"चालू दे. तू आता येक काम कर. परतीचं तिकीट हाय ना शुक्रवारचं, ते फुडं ढकल. हिच्या आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरवलंय आमी. इकडं नेनारं कुनी नाय आनि ही येकटी किती करनार? आठ दिवस धर. धा धर."

मी विचारलं, मुलाला कळवलं का.

"तू कळव," ती म्हणाली, आणि फोन सुनेकडे गेला. सुनेनं तारीख नीट सांगितली, जागा खालचीच हवी म्हणाली, आणि मागून कुणीतरी हाक मारली म्हणून ठेवून दिला. हाक तिच्या माहेरच्या नावानं होती. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी तिकीट बदललं. शुक्रवारची तिन्ही रद्द झाली आणि त्याच्या दहा दिवसांनंतरच्या सोमवारची तिन्ही मिळाली, एक खालची, दोन मधल्या. संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटल्यावर मी मुलाला फोन करून नवी तारीख सांगितली. त्यानं ती दोनदा विचारून घेतली, मग तिकडे डॉक्टर चांगला आहे का, असं विचारलं.